खुल्या समुद्रातला ओर्का: नॉर्वेत पाण्यात उतरायचं का, आणि जिब्राल्टरला शिडाची बोट न्यायची का?

प्रश्न: बर्डीकर_७७

नमस्कार मंडळी. घरात दोन वेगळे बेत शिजून राहिले आणि दोन्हींत ओर्का (किलर व्हेल, डॉल्फिनच्या कुळातला काळा-पांढरा मोठा प्राणी) आहे, म्हणून एकाच धाग्यात विचारतो.

पहिला बेत: नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही चौघं (मी, बायको, १५ वर्षांचा मुलगा, ६८ वर्षांची आई) नागपूरहून दिल्ली, ऑस्लो, ट्रोम्सो करत उत्तर नॉर्वेत शेर्वॉयला जाणार. ओर्का बोटीतून पाहायचे आणि जमलं तर मी व मुलगा स्नॉर्केल लावून पाण्यात. दोघांनाही तरण तलावात चांगलं पोहता येतं, समुद्राची सवय नाही. मला चष्मा आहे. दाढीही आहे.

दुसरा: मेव्हणा येत्या जूनमध्ये लिस्बनहून जिब्राल्टरला १२ मीटरच्या शिडाच्या बोटीवर मदतनीस म्हणून जाऊन राहिला. व्हॉट्सॲपवर 'ओर्कांचा हल्ला'वाले व्हिडिओ आल्यापासून सासूबाईंनी जेवण सोडायचं तेवढं बाकी आहे. तो म्हणतो, सोबत सुतळी बॉम्ब नेतो.

खरा धोका कशात आहे? बुकिंग करताना काय विचारावं? पाण्यात काय घालावं? सुकाणूला धडक बसली तर काय करायचं? ताडोब्याचे नियम पाठ आहेत, समुद्राचे नाहीत.

---

उत्तर: फ्योर्डवाला

आधी ठिकाण. ओर्का शेर्वॉयला 'राहत' नाहीत, हेरिंगच्या मागे येतात. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या कुळातला मासा; हिवाळा काढायला तो फ्योर्डमध्ये (डोंगरांमधून जमिनीत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यात) शिरतो आणि काही वर्षांनी फ्योर्ड बदलतो. नव्वदच्या दशकात सगळी जत्रा टिसफ्योर्डला होती, पुढे ती अँडनेसकडे सरकली, मग ट्रोम्सोजवळच्या काल्डफ्योर्डला, आणि २०१७ च्या सुमारापासून शेर्वॉयला. म्हणून जुनी प्रवासवर्णनं वाचून हॉटेल धरू नका. गेल्या हंगामात मासा कुठे होता, हे बोटवाल्याला विचारा.

मग वेळ. हंगाम नोव्हेंबर ते जानेवारी. शेर्वॉय ७० अंश उत्तरेला आहे, नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य क्षितिजावर येतच नाही. साधारण साडेनऊ ते दोनपर्यंत निळसर उजेड असतो, तेवढ्यातच सगळं उरकायचं. बेत दोन आठवडे अलीकडे आणता आला तर आणा, पाण्याखाली दिसण्यात फार फरक पडतो. वाऱ्यामुळे फेऱ्या रद्द होतात, त्यामुळे समुद्रासाठी किमान तीन दिवस मोकळे ठेवा. एकाच दिवसाचं बुकिंग म्हणजे ताडोब्यात एकच सकाळची फेरी घेऊन वाघाची वाट पाहणं.

बोटी दोन तऱ्हेच्या. ट्रोम्सोहून सुटणाऱ्या मोठ्या कॅटामरानला गरम केबिन असते, पण जायलाच तीनेक तास लागतात आणि पाण्यात उतरता येत नाही. शेर्वॉयहून सुटणारी रबरी कडांची उघडी बोट (सगळे तिला 'रिब' म्हणतात) लवकर पोचते, पण लाटेवर आपटते आणि तो दणका सरळ मणक्यात जातो. आईंना रिबमध्ये बसवू नका. त्यांच्यासाठी केबिनवाली बोटच घ्या.

बुकिंगआधी बोटवाल्याला हे विचारा. पाण्यात एका वेळी किती जण? चार ते सहा ठीक. दहा म्हणाला तर दुसरा शोधा. गाइड सोबत पाण्यात उतरतो की बोटीतून नुसता हात दाखवतो? ड्रायसूट (आत पाणी येऊ न देणारा) देता की ७ मिलिमीटरचा वेटसूट (आत पाणी येतं तो)? आणि मुख्य प्रश्न: कळप चालत असेल तर माणसं कुठे सोडता? बरोबर उत्तर असं: बोट कळपाच्या बाजूने, अंतर राखून, त्यांच्याच वेगाने चालवतो, ते थांबून खात असतील तरच इंजिन न्यूट्रलला टाकतो. 'पुढे जाऊन वाटेत सोडतो' असं म्हणणारा म्हणजे वाघाच्या वाटेवर जिप्सी आडवी लावणारा. त्याला पैसे देऊ नका.

मासेमारीच्या जहाजांभोवती ओर्का खूप दिसतात, कारण जाळ्यातून सुटलेली हेरिंग फुकटात मिळते. पण जाळं टाकलेल्या जहाजापासून पाहणाऱ्या बोटींनी ३७० मीटर दूर राहायचं, आणि पोहणं, डुबकी वा कयाक ७४० मीटरच्या आत करायचं नाही, असा तिथला नियम आहे. नियमांत हंगामागणिक भर पडते, म्हणून जाण्याच्या महिन्यात मत्स्य संचालनालयाची ताजी सूचना वाचा.

आता पाणी. तापमान ४ ते ६ अंश. सूट नसताना अशा पाण्यात पडलात तर हिशेब १-१०-१ असा धरतात: पहिला एक मिनिट श्वास आवरण्यात, पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे, आणि तासाभराने शुद्ध जायची वेळ. ड्रायसूट घातल्यावर हा हिशेब लांबतो, पण पहिला मिनिट चुकत नाही, कारण चेहरा उघडाच असतो. म्हणून उतरण्याआधी बोटीच्या कडेवर बसून ओंजळभर समुद्राचं पाणी चेहऱ्यावर दोन-तीनदा मारा, श्वास संथ होऊ द्या, मग पाय आधी टाकत सरका. उडी नाही. उडीने आवाज होतो, मास्क निघतो, आणि छाती भरून आली की स्नॉर्केलमधून पाणी ओढलं जातं.

सूटच्या आत लोकरीचे वा पॉलिएस्टरचे दोन थर घाला. सुती बनियन अजिबात नको, घाम धरून ठेवतो. लघवी उरकून मगच सूट चढवा. चेन दुसऱ्याकडून लावून घ्या आणि शेवटचा सेंटिमीटर स्वतः बोटाने चाचपा, सूटमध्ये पाणी शिरतं ते बहुतेक तिथूनच. मग उकिडवं बसा, गळ्याची पट्टी एका बोटाने उचला आणि आतली हवा फुस्स करून सोडा. ही हवा राहिली तर पाण्यात ती पायांकडे जाते आणि माणूस डोकं खाली, पाय वर असा तरंगतो. तसं झालंच तर गुडघे पोटाशी घेऊन गोळा व्हा आणि पाठीवर लोळा.

पाण्यात गेल्यावर काम एकच: पालथं तरंगायचं, फिन्स (पायात घालायचे रबरी पंखे) न मारता. पाठलाग करून काही मिळत नाही, ओर्का ताशी ५० किलोमीटरच्या वर जाऊ शकतो. स्थिर माणसाजवळून ते स्वतःच वळण घेऊन जातात. नागपुरातच महिनाभर आधी तलावात याचा सराव करा: मास्क, स्नॉर्केल, तोंड खाली, पंधरा मिनिटं पाय न हलवता. वाटतं त्यापेक्षा अवघड आहे.

सगळ्यात महत्त्वाचं मुद्दाम शेवटी ठेवलं. तिथे माणसाला खरा धोका ओर्काचा नसून हंपबॅक देवमाशाचा आहे. ओर्का हेरिंगला घेरून घट्ट गोळा करतात, शेपटीचा फटका मारून मासे बधिर करतात आणि एकेक टिपून खातात. हंपबॅक तोच तयार गोळा खालून, जबडा उघडून, एका घासात घेतो, आणि वर कोण तरंगतंय ते पाहत बसत नाही. घाबरलेली हेरिंग आडोसा शोधते आणि तो आडोसा म्हणजे तुमचे पाय. पायाखाली चंदेरी गर्दी जमली, पाणी उकळल्यासारखं दिसलं, डोक्यावर कुरव पक्षी एकदम तुटून पडले की फोटो विसरा आणि गाइडच्या बाजूने लगेच बाहेर पडा.

---

उत्तर: दात_आणि_दाखले

वरचं सगळं मान्य. मी फक्त 'हल्ला' या शब्दाबद्दल.

खुल्या समुद्रातल्या ओर्काने माणूस मारल्याची एकही पक्की नोंद नाही. चाव्याची नीट नोंदलेली घटना म्हणाल तर १९७२ ची, कॅलिफोर्नियात पॉइंट सूरजवळ: एका सर्फरच्या पायाला धरलं आणि सोडून दिलं, टाके शंभराच्या घरात. जे चार मृत्यू नोंदले आहेत (१९९१ ते २०१०) ते सगळे टाकीत कोंडलेल्या ओर्कांमुळे झाले, त्यातले तीन टिलिकम या एकाच नराशी जोडलेले.

याचा अर्थ ओर्का गरीब गाय आहे असा नाही. जानेवारी १९११ मध्ये स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमेतले छायाचित्रकार पाँटिंग बर्फावर उभे असताना ओर्कांनी खालून धडका देऊन बर्फ फोडला होता. तिथले ओर्का सीलला तसंच पाण्यात पाडतात, त्यामुळे वरचा प्राणी सील नाही हे खालून कळलं नसावं, असं मानतात. म्हणून सीलच्या कळपाशेजारी किंवा बर्फाच्या कडेवर उभं राहू नये. नॉर्वेत मुख्यतः हेरिंगवर जगणारे कळप असतात, तिथे हा प्रश्न सहसा येत नाही.

उलट बाजूही पाहा. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वीस वर्षांतले ३४ प्रसंग गोळा केले आहेत, ज्यांत ओर्काने स्वतःची शिकार माणसापुढे आणून टाकली. २१ वेळा माणसं बोटीत होती, ११ वेळा पाण्यात, दोनदा किनाऱ्यावर. टाकल्यावर जवळजवळ प्रत्येक वेळी, माणूस काय करतो हे पाहत ओर्का थांबला. तुमच्यापुढे मासा टाकला तर घेऊ नका, परत देऊ नका, हात आखडून तरंगत राहा. खाणं देण्याघेण्याची सवय लागलेला प्राणी बोटींच्या पंख्याजवळ येऊ लागतो.

बऱ्याच देशांत त्याच्याजवळ पोहणं गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या. न्यूझीलंडमध्ये २०२४ साली एकाने बोटीतून ओर्काच्या अंगावर उडी मारायचा पराक्रम केला, ६०० डॉलर दंड बसला. माझ्या मते कमीच बसला.

मुलाला एक गंमत दाखवा. ओर्काच्या डोक्यावरचा मोठा पांढरा लंबगोल म्हणजे डोळा नव्हे. खरा डोळा त्या ठिपक्याच्या पुढच्या टोकाशी, किंचित खाली, काळ्या कातडीत लपलेला असतो. ओर्का कुशीवर कलंडून जाताना दिसला की समजा, तुम्हालाच पाहून राहिला आहे.

---

बर्डीकर_७७: पायाखाली हेरिंग जमली की बाहेर, हे मुलाकडून घोकून घेतो. आता मेव्हण्याचं कोणी सांगा ना. जहाजवाले लोक गप्प का?

---

उत्तर: शीड_आणि_दोर

मेव्हण्याची काळजी रास्त आहे, पण ती बोटीची करा.

जिब्राल्टर, पोर्तुगाल आणि गॅलिसियाच्या (स्पेनचा वायव्य भाग) किनाऱ्यावर २०२० च्या उन्हाळ्यात ओर्कांनी शिडाच्या बोटींच्या सुकाणूंना धडका देणं सुरू केलं. या आयबेरियन (स्पेन-पोर्तुगालकडच्या) कळपांत पन्नासहून कमी ओर्का आहेत, २०१९ पासून त्यांची नोंद 'अतिसंकटग्रस्त' अशी आहे, आणि सुकाणूच्या मागे लागणारे त्यातले थोडेच, बरेचसे वयाने लहान. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाच्या कार्यशाळेतल्या तज्ज्ञांचा कल असा की हा खेळ आहे. ब्लूफिन ट्युना पुन्हा वाढला, पोट लवकर भरतं, पोरांना रिकामा वेळ मिळतो. ओर्कांत अशा लाटा येतात आणि जातात. १९८७ साली अमेरिकेतल्या प्यूजेट साउंडमध्ये एका मादीने मेलेला सामन मासा डोक्यावर घेऊन फिरायला सुरुवात केली आणि काही आठवडे इतर कळपांतही तीच टूम निघाली. ही टूम मात्र लवकर जाईना.

खेळ असला तरी बोट बुडते. मे २०२४ मध्ये मोरोक्कोच्या केप स्पार्टेलजवळ 'अल्बोरान कोन्याक' ही १५ मीटरची बोट बुडाली. दोघंही वाचले, त्यांना एका तेलवाहू जहाजाने उचललं. बुडण्याची रीत समजून घ्या, म्हणजे काय जपायचं ते कळेल. आजच्या बहुतेक शिडाच्या बोटींचं सुकाणू नुसतं लोंबतं असतं: वरून एक दांडा, खाली फोम भरलेलं फायबरचं पातं, तळाशी कसलाही आधार नाही. ओर्का पात्याला डोक्याने बाजूने ढकलतो. पातं तुटलं किंवा दांडा वाकला तर बोट फक्त दिशाहीन होते, तरंगत राहते. पण दांडा बोटीच्या तळातून ज्या नळीतून वर येतो ती नळी किंवा तिच्याभोवतीचं फायबर तडकलं, की पाणी थेट मागच्या भागात शिरतं. त्यामुळे मेव्हण्याने बोटीवर चढल्या दिवशी मागचं झाकण उघडून ती नळी डोळ्यांनी पाहावी आणि तिथवर हात पोचतो का ते बघावं. सामानाच्या पिशव्या तिच्यावर रचल्या असतील तर हलवाव्यात.

मार्ग. लिस्बन ते जिब्राल्टर साधारण ३०० सागरी मैल. एप्रिल ते ऑगस्ट ट्युनाच्या मागे ओर्का कादिसच्या आखातात आणि सामुद्रधुनीत असतात, नंतर उत्तरेकडे सरकतात. म्हणजे जून हा ऐन हंगाम. स्पेनच्या सरकारची सूचना अशी की मे ते ऑगस्ट या पट्ट्यातून जाताना जमेल तितकं किनाऱ्याला धरून जा. खलाशी साधारण २० मीटर खोलीची रेषा धरतात. पण उथळ पाण्याला स्वतःचा ताप आहे: बार्बाते, झाहारा, तारिफा या भागात ट्युनासाठी लावलेली प्रचंड जाळी (तिथे त्यांना अल्माद्राबा म्हणतात) किनाऱ्यापासून आत लांबवर जातात, शिवाय खेकड्या-शेवंडांच्या सापळ्यांच्या दोऱ्या पंख्यात गुंततात. म्हणून तो भाग दिवसाउजेडी पार करायचा, एक माणूस पुढच्या टोकावर नजर ठेवायला. निघण्याआधी 'जीटी ओर्कास' ॲप आणि orcas.pt या संकेतस्थळावरचा नकाशा पाहून गेल्या काही दिवसांतल्या नोंदी कुठे आहेत ते बघायचं.

धडक सुरू झाली तर:

थांबू नका. इंजिन चालू करा, शीड गोंधळ घालत असेल तर उतरवा, आणि उथळ पाण्याकडे चला. ऑटोपायलट बंद करा, नाहीतर सुकाणू फिरवणारा त्याचा दांडा तुटतो. चाकाच्या आऱ्यांत बोटं घालू नका; खालून ढकललं की चाक एकदम गरगरतं आणि मनगट मोडतं. तळव्याने हलकं धरा. सगळ्यांनी लाइफजॅकेट घालून कॉकपिटमध्ये बसायचं. कडेला वाकून मोबाइल धरणाऱ्याला आत ओढा. सुकाणू गेलं पण पाणी येत नाही, तर बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबर चॅनलवर 'पॅन-पॅन' (तातडीची मदत हवी) असं सांगा. पाणी येतंय, तर 'मेडे' (जिवाला धोका). स्पेनच्या सागरी बचाव दलाचा फोन ९०० २०२ २०२. एक जण दर पाच मिनिटांनी मागचं झाकण उघडून पाणी पाहील, आणि ओर्का निघून गेल्यावरही तासभर पाहत राहील. तडा हळूहळू उघडतो.

बोटीवर असायलाच हवं: हाताने चालणारा पंप (विजेचा असला तरी), पाण्याखाली सुकणारी इपॉक्सी लांबी, फोमचा मऊ बूच, आणीबाणीचा टिलर (सुकाणू हाताने फिरवायचा दांडा) आणि तो कुठे बसतो याची एकदा केलेली तालीम. सुकाणू तुटलं तर मागे दोरीने ओढायचं ड्रोग (पाण्यात अडून ओढ देणारी पिशवी) दोन बाजूंच्या विंचना (दोर ओढायच्या चरख्यांना) बांधून दिशा देता येते. हे बंदरात एकदा करून पाहा, भर समुद्रात पहिल्यांदा नको.

आणि सुतळी बॉम्ब घरीच ठेवा. विमानात नेता येणार नाहीत हा भाग वेगळा. ओर्का ऐकून जगतो, शिकार आवाजाने शोधतो. कानाला इजा म्हणजे त्याचं जगणंच गेलं. शिवाय संरक्षित प्राण्याला मुद्दाम त्रास देणं स्पेन आणि पोर्तुगाल दोन्हीकडे गुन्हा आहे.

---

तर्री_कमी: दादा, जुन्या सूचनांत तर 'बोट थांबवा, शीड उतरवा, चाक सोडा' असं होतं. तुम्ही उलटं सांगून राहिले.

शीड_आणि_दोर: होतं, खरं आहे. २०२० नंतरची पहिली दोन-तीन वर्षं तेच सांगत होते. समज अशी की हालचाल थांबली की त्यांचा रस जाईल. पुढे नोंदी साठल्या, तेव्हा इंजिनावर उथळ पाण्याकडे निघून गेलेल्या बोटींचं नुकसान कमी दिसलं, म्हणून सूचना बदलली. थांबलेल्या बोटीचं सुकाणू म्हणजे आयतं खेळणं. तरी एक अडचण आहे: पातं आधीच वाकलं असेल तर वेग दिल्याने ते नळीवर आणखी ताण आणतं. मग वेग कमी ठेवायचा. हा निर्णय कप्तानाचा, मेव्हण्याने मधे बोलू नये.

---

उत्तर: काठावरचा

आईंसाठी लिहितो. पुढेमागे अमेरिकेला कोणाकडे जाणं झालं तर वॉशिंग्टन राज्यात सॅन ह्वान बेटावरचं लाइम किल्न पॉइंट बघा. खडकाळ किनारा, बाक, समोरून ओर्का. बोट नाही, उलटी नाही. तिथल्या दक्षिणी रहिवासी कळपांत पाऊणशेच्या आसपास ओर्का उरले आहेत, आणि जानेवारी २०२५ पासून बोटींना त्यांच्यापासून १००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटर दूर राहावं लागतं, त्यामुळे बोटीतल्यापेक्षा किनाऱ्यावरच्याला कधीकधी जवळून दिसतं. अर्जेंटिनात पुंता नोर्तेलाही किनाऱ्यावरूनच, मार्च-एप्रिलमध्ये, समुद्रसिंहांची पिल्लं धरायला ओर्का वाळूवर चढतात.

नॉर्वेत केबिनच्या बोटीतसुद्धा आईंना उलटीची गोळी निघण्याआधी तासभर द्या, लागल्यावर देऊन उपयोग नाही. रक्तदाबाची वगैरे औषधं असतील तर डॉक्टरांना विचारून. बोटीच्या मधोमध, खालच्या मजल्यावर बसवा.

---

बर्डीकर_७७: मंडळी, लय उपकार झाले. मेव्हण्याला धागा पाठवला, बॉम्ब रद्द. दाढी आणि चष्म्याचं राहिलं.

फ्योर्डवाला: चष्मा मास्कमध्ये जात नाही. रोज टाकून द्यायच्या मऊ लेन्स घ्या, एक जोडी जास्तीची, आणि मास्कमध्ये पाणी आलं तर डोळे मिटूनच काढा. लेन्स चालत नसतील तर नंबरची काच बसवलेला मास्क मिळतो. तुमचा नंबर बोटवाल्याला आधी कळवा, तिथे गेल्यावर मिळेलच असं नाही.

दाढी ठेवा, पण दोन जागा साफ करा. एक, नाकाखाली मिशीचा वरचा अर्धा सेंटिमीटर, मास्कची कड तिथे बसते. दोन, गळ्यावर हनुवटीखालचे केस, कारण तिथे सूटची रबरी पट्टी चिकटते आणि एकेका केसाच्या कडेने थंड पाणी छातीवर उतरतं. लोक पट्टीला व्हॅसलिन लावतात, ते नको, लॅटेक्स खराब होतं आणि सूट भाड्याचा असतो. टाल्कम पावडर लावा, पट्टी सरकन चढते.